कठड्याअलीकडची तयारी

मुलींच्या कलात्मक जिम्नॅस्टिक्समध्ये टेबल व्हॉल्ट, अनइव्हन बार म्हणजे एक उंच आणि एक ठेंगणा असे दोन समांतर दांडे, बॅलन्सिंग बीम आणि फ्लोअर एक्सरसाइज असे चार प्रकार असतात, आणि प्रत्येक प्रकारात ठरावीक क्रमाने करावयाच्या कसरतींना संच म्हणतात. नवोदितांच्या स्पर्धेत हा संच बहुधा आयोजकांनीच नेमून दिलेला असतो व तो बसवून घेण्याचे काम प्रशिक्षकाचे असते. त्यामुळे आईवडिलांच्या वाट्याला वेणीफणी, डबा आणि कागदपत्रे एवढेच उरते, असा समज आढळतो. समज खोटा नाही. मात्र या किरकोळ वाटणाऱ्या कामांनाही खेळाच्या नियमांचा आधार असतो, आणि तो ठाऊक असलेल्या घरातली तयारी वेगळी दिसते.

लिओटार्ड हा अंगाला घट्ट बसणारा एकसंध पोशाख असतो, आणि व्यायामशाळेत त्याला सरसकट कॉस्च्युम म्हटले जाते. तो घट्ट असण्याचे कारण असे, की गुडघा वाकला की नाही आणि कंबर ढिली पडली की नाही हे पंचांना दिसावे लागते, शिवाय सैल कापड दांड्यावर अडकण्याची भीती असते. नवा कॉस्च्युम थेट स्पर्धेच्या सकाळी घातला, तर तो वर सरकतो आणि संच चालू असतानाच मुलीचा हात तो सारखा करायला जातो. म्हणून एखादा पूर्ण सराव तो घालूनच करवून घेणे शहाणपणाचे ठरते. केसांचेही तसेच आहे. मानेलगतचा अंबाडा कोलांटउडीत नेमका जमिनीवर येतो व टोचतो, तर सैल वेणी तोंडावर आपटते. त्यामुळे अंबाडा नेमका कुठे बसवायचा हे मुलीच्या संचावरून ठरवावे लागते. आदल्या रात्री चोपडलेले खोबरेल तेल हाताला लागले, की घाम टिपण्यासाठी लावलेली मॅग्नेशियम कार्बोनेटची पांढरी पूडही दांड्यावरची पकड राखू शकत नाही. पैंजण, बांगड्या, गळ्यातला किंवा पायातला काळा दोरा यांविषयीचा निर्णय घरीच झालेला बरा, कारण दृष्ट आणि नियम यांतला वाद पंचांसमोर सोडवायला वेळ मिळत नाही आणि त्याचा ताण मुलीवर येतो.

घरी सराव घ्यावा की नाही, हा प्रश्न हौशी पालकांना हमखास पडतो. शहाबादी फरशीवर हातांवर उभे राहणे किंवा कमान टाकणे हे जाड गादी आणि आधार देणारा जाणता हात यांच्याविना धोक्याचेच आहे. निर्धोकपणे करून घेता येण्यासारखा एक भाग मात्र आहे, आणि तो म्हणजे अभिवादन. संचाच्या आरंभी व शेवटी खेळाडूने हात उंचावून पंचांना वंदन करायचे असते. आंतरराष्ट्रीय नियमांत ते विसरल्यास गुणांत कपात होते, आणि पहिल्यांदा उतरणाऱ्या मुली उतरल्या उतरल्या आईकडे धावतात व नेमके हेच विसरतात.

कागदपत्रांत जन्मदाखला आणि आधार कार्ड हाताशी असावे, कारण गट वयावर ठरतात. महाराष्ट्रातील शालेय स्पर्धांत ते १४, १७ आणि १९ वर्षांखालील असे असतात. खाणे हलके आणि ओळखीचे असावे, आणि तासन्‌तास वाट पाहताना अंग थंड पडू नये म्हणून कॉस्च्युमवर घालायला ट्रॅकसूट बरोबर असावा.

खरी तयारी लागते ती गुण वाचण्याची. १९७६ च्या मॉन्ट्रियल ऑलिंपिकमध्ये नादिया कोमानेचीला मिळालेल्या १० गुणांमुळे या खेळात १० म्हणजे पैकीच्या पैकी, ही समजूत लोकांच्या मनात रुजली. परंतु २००६ पासून आंतरराष्ट्रीय पद्धतीत दोन स्वतंत्र आकड्यांची बेरीज केली जाते. काठिण्यगुण कसरती किती अवघड आहेत त्यावर मिळतात आणि त्यांना वरची मर्यादा नाही, तर सादरीकरणाचे गुण १० पासून सुरू होऊन चुकांगणिक उतरत जातात: बारीक चुकीला ०.१, मध्यम चुकीला ०.३, मोठ्या चुकीला ०.५ आणि पडल्यास पूर्ण १. याचा अर्थ बीमवरून एकदा पडणे हे दहा बारीक चुकांइतके महाग आहे, आणि बीमची रुंदी अवघी १० सेंटिमीटर आहे. नवोदितांच्या स्पर्धांत ही पद्धत बरीच सोपी केलेली असते, तरी कपातीचे तत्त्व तेच राहते. व्हॉल्टवर एकच उडी असल्याने चुकायला वाव कमी, तर बीमवर प्रत्येक पावलाला डगमगण्याची शक्यता. त्यामुळे एकाच मुलीला व्हॉल्टवर ८.६ आणि बीमवर ६.९ मिळाले, तर ती बीममध्ये कच्ची आहे असा निष्कर्ष निघत नाही. प्रगतिपुस्तकातील टक्क्यांची सवय झालेल्या पालकांना हे उमगायला वेळ लागतो. बारीक चुकाही किती महागात पडतात ते पाहा: रिओ ऑलिंपिकमध्ये २०१६ साली दीपा कर्माकर व्हॉल्टच्या अंतिम फेरीत १५.०६६ गुणांसह चौथी आली, तेव्हा कांस्यपदक तिच्यापासून ०.१५ गुणांवर होते. अंतिम फेरीत दोन उड्यांची सरासरी धरतात, त्यामुळे हा फरक दोन्ही उड्या मिळून तीन बारीक चुकांएवढा भरतो.

प्रेक्षकांचा कठडा पालकांनी ओलांडायचा नसतो, आणि कठड्यामागून “गुडघा सरळ!” असे ओरडण्याचाही उपयोग नसतो. संच चालू असताना प्रशिक्षक खेळाडूशी बोलला, तरी तिचे गुण कापले जातात, मग गॅलरीतल्या सूचनांना कसली मुभा? गुणांविषयी आंतरराष्ट्रीय नियमांनुसार शंका विचारता येते ती काठिण्यगुणांपुरतीच आणि तीही प्रशिक्षकाकरवी. सादरीकरणातील कपातीवर दाद मागता येत नाही. लहान स्पर्धांत एखादे वडील मोबाइलवरचे चित्रण दाखवत पंचांच्या टेबलाकडे निघतात, स्वयंसेवक त्यांना नम्रपणे माघारी पाठवतात, आणि तोवर त्यांची मुलगी पुढच्या साधनापाशी रांगेत जाऊन उभी राहिलेली असते.