घासलेली काच

जुन्या पद्धतीच्या मोठ्या कॅमेऱ्याने चित्र घेणारा छायाचित्रकार प्रथम डोक्यावरून काळे कापड ओढून घेतो आणि कॅमेऱ्याच्या मागील बाजूस काही वेळ निरखून पाहतो. त्या कापडाखाली तो काय पाहतो? तेथे एक पांढुरकी काच बसविलेली असते. समोरची माणसे, झाडे, घरे यांची प्रतिमा तिच्यावर उलटी उमटते. ती स्पष्ट दिसेपर्यंत तो भिंग मागेपुढे सरकवितो. मग काचेच्या जागी फिल्म ठेवून चित्र घेतो. १८३९ साली पॅरिसमध्ये डागेअरच्या पद्धतीचे कॅमेरे विक्रीस आले, त्यांनाही अशीच काच होती. आज बहुतेक छायाचित्रे फिल्मवाचून निघतात; तरीही मोठ्या कॅमेऱ्यांचे काही चाहते ही काच वापरतात. ती फुटली, की उत्तम भिंगाचा कॅमेराही आंधळा होतो. म्हणून पुष्कळ जण ती स्वहस्ते तयार करतात.

साध्या काचेवर प्रतिमा का दिसत नाही? स्वच्छ काचेतून प्रकाश आरपार निघून जातो. परंतु तिचा एक पृष्ठभाग घासला, की त्यावर असंख्य सूक्ष्म खळगे पडतात. हे खळगे प्रकाश निरनिराळ्या दिशांना विखरतात. त्यामुळे प्रतिमा त्या पृष्ठभागावर उमटलेली दिसते.

काच घासण्यास तिच्याहून कठीण पदार्थ हवा. कार्बोरंडम हा तसा पदार्थ होय. १८९१ साली अमेरिकेतील एडवर्ड अ‍ॅचेसन कृत्रिम हिरे बनविण्याचा प्रयत्न करीत होता. हिरे मिळाले नाहीत. पण विजेच्या भट्टीत हे चकाकणारे कठीण स्फटिक हाती लागले. त्यांच्या पुडीला क्रमांक असतात. क्रमांक जितका मोठा, तितकी पूड बारीक. या कामास ४०० ते ६०० क्रमांकाची पूड योग्य ठरते.

सुमारे २ मिलिमीटर जाडीची काच हव्या त्या मापाची कापून घ्यावी आणि तिच्या धारदार कडा ओल्या सहाणेवर बोथट कराव्या. सपाट फळीवर ओले वर्तमानपत्र पसरून त्यावर काच ठेवावी. तिच्यावर चमचाभर पूड व थोडे पाणी घालावे. दुसरा लहान, जाड काचेचा तुकडा वर ठेवून तो हलक्या हाताने गोलाकार फिरवावा. आरंभी खरखर असा आवाज येतो. पुडीचे कण झिजले, की आवाज मंदावतो. मग काच धुऊन नवी पूड घ्यावी. पूड कधीही कोरडी होऊ देऊ नये, कारण काचेची धूळ श्वासावाटे गेल्यास फुप्फुसांना अपाय होतो. म्हणून हे काम वडील माणसांच्या देखरेखीखालीच करावे.

काच तयार झाली की नाही, हे ती वाळल्यावरच कळते. ओली असताना पाणी खळग्यांत भरते व घासलेली काच पुन्हा पारदर्शक भासते. वाळल्यावर ती उजेडासमोर धरावी. कोठे चकचकीत ठिपके राहिले असल्यास पुन्हा घासावे. तेलकट बोट लागले तरी तेथे असाच पारदर्शक डाग पडतो. म्हणून काच नेहमी कडांना धरावी.

शेवटची काळजी सर्वांत महत्त्वाची. काच बसविताना घासलेली बाजू भिंगाकडेच हवी, कारण प्रतिमा त्याच बाजूवर उमटते आणि फिल्मही भिंगापासून नेमकी तितक्याच अंतरावर येते. काच उलटी बसली, तर काचेवर प्रतिमा रेखीव दिसते. पण फिल्मवर मात्र ती अंधूक उमटते. ही चूक ध्यानात येते ती फिल्म धुतल्यावर. आणि तोवर चित्रासाठी जमलेली मंडळी आपापल्या घरी गेलेली असतात.