कोकणात उतरण्याआधी गाडीचे कागद बघा



कारखान्याचा पट्टा पडला, पोरांच्या परीक्षा आटोपल्या, की आपल्या भागातल्या गाड्या रायगडच्या किनाऱ्याकडे निघतात. कुणी ताम्हिणी घाटाने माणगावला उतरून दिवेआगर-श्रीवर्धन गाठतो, कुणी महाबळेश्वरहून आंबेनळी घाटाने पोलादपूर आणि पुढे हरिहरेश्वर. जावे, जरूर जावे. वर्षभर लावण-खोडव्यात अडकलेल्या माणसाला दोन दिवस समुद्राचा वारा मिळायलाच हवा. पण निघताना लाडू-चिवड्याचे डबे दहादा मोजले जातात आणि गाडीचे कागद कुणी उघडून बघत नाही, त्याबद्दल आम्हाला चार शब्द सांगायचे आहेत.

पहिला प्रश्न, गाडी कोणती? भाऊबंद मिळून वीस माणसे झाली की कुणीतरी म्हणतोच, "आपली पिकअप हाय की! हौद्यात गोधड्या टाकू, वर ताडपत्री बांधू." इथेच घात होतो. पिकअप ही मालाची गाडी. तिच्या हौद्यात बसवलेल्या माणसांची जबाबदारी विमा कंपनीवर येत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली न्यू इंडिया अ‍ॅशुरन्स विरुद्ध आशा राणी या खटल्यात दिला. १९९४ च्या दुरुस्तीने मालासोबत जाणारा मालाचा मालक किंवा त्याचा प्रतिनिधी विम्यात आला. सहलीला निघालेली मावशी त्यात बसत नाही. ट्रॅक्टर-ट्रॉलीचीही तीच गत. भरपाईचा बोजा मग गाडीमालकावर पडतो, आणि मोटार वाहन कायद्याच्या १७४ व्या कलमाप्रमाणे ती रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल करता येते. म्हणजे गोष्ट थेट सातबाऱ्यापर्यंत येते. गेलेले माणूस तर परत येतच नाही.

भाड्याने जीप ठरवाल तर पिवळ्या पाटीचीच ठरवा. पाहुण्याची पांढऱ्या पाटीची गाडी "डिझेल आणि वर थोडे" देऊन नेली, तर अपघातानंतर विमा कंपनी तोच मुद्दा पुढे करते.

स्वतःची मोटार असेल तर विम्याचा कागद नीट वाचा. नुसता थर्ड पार्टी विमा असेल तर गाडीत बसलेल्या आपल्याच घरच्यांना त्यातून सहसा काही मिळत नाही. त्यासाठी पॅकेज पॉलिसी लागते. मालक-चालकाचा १५ लाखांचा अपघात विमाही असतो, पण लायसन्स चालू मुदतीचे हवे. आरसी, विमा, पीयूसी आणि लायसन्स डिजिलॉकरमध्ये चालतात. तरी घाटात मोबाइलला रेंज नसते, म्हणून झेरॉक्स सोबत असू द्या. आणि सतरा वर्षांच्या पोराच्या हाती "मोकळा रस्ता आहे" म्हणून गाडी देऊ नका. २०१९ च्या दुरुस्तीप्रमाणे त्याबद्दल पालकाला किंवा गाडीमालकाला ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड आहे, शिवाय गाडीची नोंदणी वर्षभर रद्द.

आता घाट. २८ जुलै २०१८ रोजी दापोलीच्या कृषी विद्यापीठातले कर्मचारी सहलीसाठी महाबळेश्वरकडे निघाले होते. आंबेनळी घाटात त्यांची बस दरीत कोसळली आणि एकच जण वाचला. ज्या गिअरमध्ये चढण चढतो त्याच गिअरमध्ये उतरायचे, ही जुन्या ड्रायव्हर मंडळींची शिकवण आहे. उतारावर सारखा ब्रेक दाबला की ब्रेक तापतात आणि ऐन वळणावर धरत नाहीत. चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यावी, हा तर नियमच आहे. पावसाळ्यात रात्रीचा प्रवास टाळा. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा जुना पूल वाहून गेला, तेव्हा दोन एसटी गाड्या अंधारात पुरात गेल्या.

किनाऱ्यावर पोचलो म्हणजे सुटलो असेही नाही. १ फेब्रुवारी २०१६ ला मुरूडच्या समुद्रात पुण्याच्या महाविद्यालयातले १४ विद्यार्थी बुडाले. पाऊस नाही, वादळ नाही, भर हिवाळ्यातली दुपार. आपण विहिरीत पोहणारी माणसे, पण विहिरीला भरती-ओहोटी नसते! कोकणातला हिशेब साधा आहे: तिथीची पाऊणपट करा, साधारण तितक्या वाजता भरती पुरी होते. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास पूर्ण भरती आणि बाराच्या सुमारास ओहोटी. पौर्णिमा-अमावस्येला उधाण, पाणी जास्त चढते. हा झाला अंदाज. पाण्यात उतरण्याआधी गावातल्या कोळी बांधवाला विचारावे. तो "नको" म्हणाला तर हुज्जत घालू नये. मोटार वाळूत नेऊ नये. चाक रुतले आणि भरती लागली, तर ओढायला तिथे आपला ट्रॅक्टर नसतो.

अपघात झालाच तर १०८ ला रुग्णवाहिका, ११२ ला पोलीस. जखमीला आधी दवाखान्यात न्या. पोलिसांना खबर चोवीस तासांच्या आत गेली पाहिजे, विमा कंपनीलाही कळवा. दुसऱ्याचा अपघात दिसला तर थांबायला भिऊ नका. मदत करणाऱ्याला १३४-अ कलमाचे संरक्षण आहे. मे २०२५ पासून रस्ते अपघातातील जखमींवर ठरलेल्या रुग्णालयांत पहिले ७ दिवस, दीड लाख रुपयांपर्यंत रोख न भरता उपचाराची केंद्राची योजना लागू झाली आहे. ही माहिती गाडीतल्या सगळ्यांना, घरच्या बायकांनाही, निघण्यापूर्वी सांगून ठेवावी. चालवणाराच जखमी झाला तर फोन त्यांनाच करायचा असतो.