हवा समुद्राची, पण पाणी कुठले?

वसई-विरारमध्ये नव्याने राहायला आलेली मंडळी माझ्या दवाखान्यात पहिल्या भेटीत एक वाक्य हमखास म्हणतात, "डॉक्टर, आम्ही मुंबई सोडली ती इथल्या हवेसाठी." त्यांचे म्हणणे खोटे नाही. अर्नाळा, राजोडी, कळंब, भुईगाव, रानगाव आणि वसईची सुरूची बाग अशी किनाऱ्यांची रांगच येथे आहे. केळी, फुले आणि भाजीपाल्याच्या वाड्या अजून काही प्रमाणात टिकून आहेत. संध्याकाळी पश्चिमेचा वारा सुटला की जिवाला बरे वाटते.

मुंबईपेक्षा घरे स्वस्त, स्टेशन जवळ आणि समुद्र हाकेच्या अंतरावर. त्यामुळे वस्ती झपाट्याने वाढली. ३ जुलै २००९ रोजी येथील चार नगरपालिका आणि अनेक गावे मिळून महानगरपालिका झाली. २०११ च्या जनगणनेत तिची लोकसंख्या १२ लाख २२ हजारांच्या घरात भरली. जिथे एक वाडा आणि एक विहीर होती, तिथे सात मजली इमारत आणि तिची बोअरवेल आली. म्हणून घर घेताना बाल्कनीतून समुद्र दिसतो का, याआधी नळाला कुठले पाणी येते, हे विचारावे असे मला वाटते. किनाऱ्यावरच्या माणसाची प्रकृती हवेपेक्षा पाण्यावर अधिक अवलंबून असते.

हवा म्हणजे औषध नव्हे

आधी हवेविषयीचा एक गैरसमज दूर करू. दम्याच्या मुलाला समुद्राकाठी आणले की दमा जातो, असे अनेकांना वाटते. किनाऱ्यावरची हवा दमट असते. ओलाव्यात भिंतीवर बुरशी धरते आणि गादी-उशीत धुळीतले सूक्ष्म किडे वाढतात. दोन्हींमुळे दमा चाळवतो. त्यात इमारत नवी असेल तर भिंती पुरत्या सुकलेल्या नसतात आणि शेजारी दुसऱ्या बांधकामाची धूळ उडत असते. अशा घरात कपाट भिंतीपासून चार बोटे दूर ठेवा, उघडीप मिळताच खिडक्या उघडा आणि गाद्यांना ऊन दाखवा. मुख्य म्हणजे, हवा बदलली म्हणून मुलाचा इन्हेलर आपल्या मनाने बंद करू नका.

विहीर खारी का होते?

आता पाण्याकडे वळू. वसईच्या वाड्यांत पूर्वजांनी खोदलेली छोटी तळी आहेत. त्यांना आपल्याकडे बावखल म्हणतात. पावसाचे पाणी त्यात साठते, रेताड जमिनीतून हळूहळू मुरते आणि भोवतालच्या विहिरींना मिळते. वाड्या शिंपायलाही ते उपयोगी पडते. पण बावखलाचे याहून मोठे काम डोळ्यांना दिसत नाही.

किनाऱ्याच्या जमिनीखाली समुद्राचे खारे पाणी शिरलेले असते. गोडे पाणी त्याहून हलके, म्हणून ते खाऱ्या पाण्यावर तरंगते. ढोबळ हिशेब असा, की गोड्या पाण्याची पातळी समुद्रपातळीपेक्षा एक मीटर वर असेल, तर तिच्याखाली सुमारे ४० मीटर खोलीपर्यंत गोडे पाणी असते. याचा उलटा अर्थ ध्यानात घ्या. उपसा करून ती पातळी एक मीटरने खाली नेली, तर तळाचे खारे पाणी काळाच्या ओघात ४० मीटर वर येऊ शकते. एकीकडे बावखले बुजवून पाणी मुरण्याची वाट बंद करायची आणि दुसरीकडे बोअरवेलने रात्रंदिवस उपसा करायचा, मग विहीर खारी होणारच. एकदा खारी झालेली विहीर पुन्हा गोडी व्हायला वर्षानुवर्षे लागतात.

गोळी चालू, तरी रक्तदाब चढा

शहराला सूर्या धरणाचे पाणी येते, पण अनेक इमारतींत ते कमी पडले की बोअरवेलचे किंवा टँकरचे पाणी टाकीत सोडले जाते. याचा आरोग्याशी काय संबंध, हे एका उदाहरणाने सांगतो. साठी ओलांडलेले एक गृहस्थ रक्तदाबाच्या दोन गोळ्या नेमाने घेत होते. लोणचे, पापड, सुके बोंबील सर्व बंद केले होते, तरी रक्तदाब खाली येईना. एकदा सूनबाई सोबत आल्या. बोलता बोलता त्या म्हणाल्या, "आमच्याकडे डाळीत मीठ घालावेच लागत नाही, पाणीच तसे आहे." मी लगेच पाणी तपासून घ्यायला सांगितले. पाणी खारे निघाले. स्वयंपाकाचे आणि पिण्याचे पाणी बदलले, गोळ्या चालूच ठेवल्या आणि दोन महिन्यांत रक्तदाब आटोक्यात आला. सगळा गुण पाण्याचाच, असे मी म्हणणार नाही. पण आपण चमच्याने मीठ मोजतो आणि तांब्यातले मोजत नाही, एवढे मात्र खरे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्यानुसार मोठ्या माणसाने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ, म्हणजे २ ग्रॅमपेक्षा कमी सोडियम घ्यावे. आता समजा, पाण्यात दर लिटरमागे ५०० मिलिग्रॅम सोडियम आहे. पिण्यात आणि स्वयंपाकात मिळून असे तीन लिटर पाणी पोटात गेले, तर दीड ग्रॅम सोडियम नुसत्या पाण्यातूनच गेले. बांगलादेशाच्या किनारपट्टीवर झालेल्या अभ्यासांत खारे पाणी पिणाऱ्या गर्भवती स्त्रियांत रक्तदाबाचा त्रास अधिक आढळला आहे. म्हणून रक्तदाबाचे, हृदयाचे किंवा मूत्रपिंडाचे रुग्ण आणि गर्भवती यांच्या घरी पाण्याची तपासणी झालीच पाहिजे.

हेही सांगून ठेवतो, की पाणी उकळल्याने, तुरटी फिरवल्याने किंवा क्लोरीनचे थेंब टाकल्याने खारेपणा जात नाही. साध्या कँडलच्या फिल्टरनेही जात नाही. त्यासाठी आरओ यंत्र लागते. ते नसेल तर निदान पिण्याचे, डाळ-भाताचे आणि चहाचे पाणी नळाचेच वापरा. बोअरवेलचे पाणी धुण्या-भांड्यांना ठेवा.

साठलेले पाणी आणि ताप

पाण्याची टंचाई असली की घरोघर पिंपे भरली जातात, आणि डेंग्यूच्या डासाला नेमके हेच साठवलेले स्वच्छ पाणी आवडते. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. म्हणून आठवड्यातून एक दिवस सर्व पिंपे, कूलर, कुंड्यांखालच्या थाळ्या रिकाम्या करून कोरड्या ठेवाव्यात. नुसते पाणी ओतून भागत नाही. अंडी पिंपाच्या कडेला चिकटून कोरड्यातही महिनोन्‌महिने टिकतात, म्हणून आतून घासावे. मलेरिया पसरवणारा शहरी डास गच्चीवरच्या उघड्या टाक्यांत, विहिरींत आणि बांधकामावर स्लॅबला मारलेल्या पाण्यात वाढतो. बावखलांत आणि विहिरींत गप्पी मासे सोडले की ते डासांच्या अळ्या खातात. तेव्हा डासांच्या नावाखाली बावखल बुजवण्याचे कारण नाही.

ताप आला तर पॅरासिटामॉलखेरीज अन्य गोळी मनाने घेऊ नका. डेंग्यूत अ‍ॅस्पिरिन आणि आयब्युप्रोफेन घातक ठरू शकतात. रक्त तपासून घ्या.

तुंबलेले पाणी

जुलै २०१८ च्या पावसात वसई, नालासोपारा आणि विरार पाण्याखाली गेले, लोकल बंद पडल्या, ते आपण विसरलो नाही. जमिनीत पाणी मुरायला जागा उरली नाही की ते रस्त्यावर उभे राहते. अशा पाण्यात उंदरांचे मूत्र मिसळते आणि पायाच्या जखमेतून लेप्टोस्पायरोसिसचे जंतू शरीरात शिरतात. २६ जुलै २००५ च्या प्रलयानंतर मुंबईत या रोगाने अनेकांचे बळी घेतले. तुंबलेल्या पाण्यातून चालावे लागले, तर घरी येताच पाय साबणाने धुवा. पायाला जखम असेल तर तीन दिवसांच्या आत डॉक्टरांना दाखवा, प्रतिबंधक औषध मिळते. पुढच्या तीन-चार आठवड्यांत ताप, पोटऱ्या दुखणे आणि डोळे लाल होणे अशी लक्षणे दिसली, तर थांबू नका.

किनाऱ्यावर कसे चालावे?

किनारा आणि बागा यांचा लाभ मात्र जरूर घ्या. आठवड्याला दीडशे मिनिटे झपझप चालणे पुरते. भुसभुशीत वाळूत चालायला कडक जमिनीपेक्षा दुपटीहून अधिक ताकद लागते, म्हणून टाच किंवा गुडघा दुखत असेल तर ओहोटीला ओल्या, घट्ट वाळूवरून चाला. मधुमेहींनी अनवाणी चालू नये. पायाची संवेदना कमी झाली असेल तर शिंपला किंवा काच लागलेली कळत नाही. पावसाळ्यात समुद्रात उतरायचे नाही, मग पोहता येत असो वा नसो.

सोसायटीच्या सभेत विचारा

एकेका घराने काळजी घेतली तरी विहीर, टाकी आणि गटार सर्वांचे असते. म्हणून वाचकहो, सोसायटीच्या पुढच्या सभेत रंगकामाच्या आधी चार प्रश्न मांडा. आपल्या बोअरवेलचे आणि टँकरचे पाणी शेवटचे कधी तपासले? गच्चीवरच्या टाक्यांना घट्ट झाकणे आहेत का? गच्चीवर पडणारे पावसाचे पाणी गटारात जाते की जमिनीत मुरते? आणि आपल्या आळीतले बावखल अजून आहे का? असेल, तर ते राखण्यासाठी सोसायटीने ठराव करावा. त्याच्या काठावर कचरा पडू लागला की पुढची पायरी भरावाची असते, हे आपण अनेक ठिकाणी पाहिले आहे.