चवळीच्या फुलातील छुपा शत्रू

छत्रपती संभाजीनगर शहराच्या पश्चिमेस, दौलताबादच्या वाटेवर पडेगाव आहे. पुण्यश्लोक अहिल्यादेवी महाराष्ट्र मेंढी व शेळी विकास महामंडळाचे प्रक्षेत्र येथे आहे. शेळ्या पाळणाऱ्या कुटुंबास चवळीचे मोल सांगावयास नको. कोवळ्या शेंगांची भाजी, दाण्यांची उसळ आणि वेलांची सकस वैरण असा तिचा तिहेरी उपयोग होतो.

हीच चवळी ऐन फुलोऱ्यात फुले गाळू लागली, की दोष उन्हाला अथवा पाण्याच्या ताणाला दिला जातो. कडधान्यांची काही फुले निसर्गतःही गळतात. परंतु पुष्कळदा खरा अपराधी फुलातच दडलेला असतो. तो म्हणजे फुलकिडा.

जेमतेम एक ते दीड मिलिमीटर लांबीच्या या किडीच्या पंखांना झालरीसारखे केस असतात. ती कळ्या व फुले खरवडून त्यांतील रस शोषते. परिणामी कळ्या तपकिरी पडतात, फुले गळतात आणि शेंगा धरत नाहीत. मूग व उडीद यांनाही तिचा उपद्रव होतो. काही जाती विषाणुजन्य रोगही पसरवितात. पश्चिम आफ्रिकेत तर तीव्र प्रादुर्भावामुळे चवळीचे संपूर्ण पीक हातचे गेल्याची उदाहरणे आहेत.

कोरड्या व उष्ण हवेत या किडीची झपाट्याने वाढ होते. मादी आपली अंडी झाडाच्या पेशीजालात घालते, पिले मिटलेल्या कळ्यांत राहतात आणि कोषावस्था बहुधा मातीत जाते. त्यामुळे एका फवारणीत तिचा नायनाट होत नाही. उलट, अविचाराने केलेल्या फवारणीत तिला खाणारे मित्रकीटक मात्र मरतात.

म्हणून फवारणीपूर्वी पाहणी करणे अगत्याचे आहे. शेताच्या निरनिराळ्या भागांतील काही फुले तोडून पांढऱ्या कागदावर झटकावीत. पिवळसर पिले किंवा काळसर प्रौढ किडे धावताना दिसल्यास निदान पक्के झाले. निळे चिकट सापळे लावल्यानेही किडीचा माग लागतो. प्रारंभी ५ टक्के निंबोळी अर्क वापरावा. त्यासाठी ५ किलो निंबोळीची भरड रात्रभर पाण्यात भिजवावी, अर्क गाळून घ्यावा व पाणी घालून तो १०० लिटर करावा. मधमाश्यांच्या रक्षणार्थ फवारणी सायंकाळी करणे इष्ट होय.

रासायनिक कीटकनाशकाची गरज भासल्यास त्या पिकासाठी शिफारस केलेलेच औषध कृषी अधिकाऱ्यांच्या सल्ल्याने वापरावे. वेष्टनावर नमूद केलेला काळ उलटेपर्यंत शेंगा तोडू नयेत आणि वेल शेळ्यांपुढे टाकू नयेत.

जालना जिल्ह्यातील बदनापूर येथे वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचे केंद्र कडधान्यांवर संशोधन करीत आहे. ते ज्ञान बांधापर्यंत नेण्याचे काम गावालाच करावयाचे आहे. शिक्षकांनी विद्यार्थ्यांकडून कागदावरील ही पाहणी करवून घ्यावी आणि पंचायत सदस्यांनी ग्रामसभेत तिची माहिती द्यावी. औषधाच्या दुकानाकडे वळण्यापूर्वी शेतकऱ्याने एक फूल उघडून पाहिले, तरी त्याचा खर्च व पीक दोन्ही वाचू शकेल.