संशोधनविषयांचा कालप्रवाह: पेण-रोहे परिसराचे उदाहरण

कोणत्याही शास्त्रात संशोधनाचे विषय स्थिर राहत नाहीत. काही नव्याने उदयास येतात, काही विस्तार पावतात, तर काही दुसऱ्या विषयांत विलीन होतात. हा पालट आलेखरूपाने कसा दाखविता येतो व त्यात कोणते दोष संभवतात, हे पेण आणि रोहे या तालुक्यांच्या उदाहरणावरून पाहता येईल.

पद्धत तत्त्वतः सोपी आहे. प्रथम लेख जमवून त्यांची दशकवार विभागणी करावी. नंतर एकमेकांच्या सोबतीने वारंवार येणाऱ्या शब्दांचे गट पाडावेत. असा प्रत्येक गट म्हणजे एक विषय होय. त्या विषयाचा दशकातील एकूण लेखनात असलेला हिस्सा कालरेषेवर पट्ट्याच्या रुंदीने दाखवावा. सर्व पट्टे एकावर एक रचले म्हणजे नदीच्या पात्रासारखी आकृती सिद्ध होते. हिस्साच घ्यावयाचा, नुसती संख्या नव्हे. कारण डेरेक प्राइस यांनी १९६३ च्या ग्रंथात दाखविल्याप्रमाणे शास्त्रीय वाङ्मयच मुळी झपाट्याने वाढत असते. संख्या पाहिल्यास बहुतेक विषय वाढताना दिसतील. २००६ मध्ये ब्लेई व लॅफर्टी यांनी ‘सायन्स’ नियतकालिकाच्या १८८० पासूनच्या अंकांवर प्रयोग करून, एकाच विषयाची शब्दावली काळाबरोबर कशी बदलते हेही गणिताने दाखविले.

शब्दावली बदलते, हाच येथे कळीचा मुद्दा आहे. पेण व रोहे ज्या जिल्ह्यात आहेत, त्याचे कुलाबा हे नाव १९८१ मध्ये बदलून रायगड झाले. केवळ ‘रायगड’ या शब्दाने शोध घेणाऱ्यास १८८३ चे व १९६४ चे कुलाबा गॅझेटियर हाती लागणार नाही, आणि या भागाचा अभ्यास १९८१ नंतरच सुरू झाला असा भास होईल. उलट ‘कुलाबा’ शब्दाने शोधल्यास मुंबईच्या कुलाबा वेधशाळेचे लेखही त्यात मिसळतील. तिचे चुंबकीय वेध १९०४ पासून अलिबागेस घेतले जाऊ लागले, त्यामुळे हा गोंधळ अधिकच वाढतो. ‘रोहे’ व ‘रोहा’ ही रूपेही वेगळी मोजली जातात.

विषयांच्या नावांचेही तसेच आहे. पेणच्या खाडीकाठी बांध घालून मिळविलेल्या जमिनीस जुन्या लेखनात ‘शिलोत्री’, १९४८ च्या मुंबई कायद्यात ‘खार’ आणि आजच्या मृदाशास्त्रात ‘क्षारयुक्त मृदा’ म्हणतात. ही नावे न जोडल्यास एकच प्रवाह तीन तुटक ओहोळांसारखा दिसेल. दुसरीकडे धाटाव येथील रासायनिक कारखान्यांमुळे कुंडलिका नदीच्या प्रदूषणाचा विषय खरोखरच नव्याने आला. एक केवळ नामांतर, दुसरा वस्तुतः नवा प्रश्न. आकृतीत मात्र दोन्ही सारखेच दिसतात.

आणखी एक सावधगिरी आवश्यक आहे. एखाद्या दशकात पाचच लेख असतील, तर एका लेखानेही पट्टा वीस टक्के रुंद होतो. अशा ठिकाणी आकृतीखाली लेखसंख्या नमूद केलीच पाहिजे.

प्रबंधासाठी विषय निवडणाऱ्याने ही आकृती पाहताना एवढे ध्यानात ठेवावे की, पट्टा अरुंद झाला म्हणजे प्रश्न सुटला असे नव्हे. खारबांध फुटून भातशेतीत खारे पाणी शिरले, तर शेतकऱ्याची हानी लेखांच्या संख्येवर अवलंबून नसते. आकृती विद्वानांचे लक्ष कोठे वळले एवढेच सांगते; ते कोठे वळावयास हवे, हे जमिनीकडे पाहूनच ठरवावे लागते.