पाण्यातील पांजरपोळ

भिवंडी तालुक्यातील दापोडे हे गाव आज भातशेतीपेक्षा गोदामांसाठी अधिक ओळखले जाते. मानकोली, वळ, पूर्णा, काल्हेर या शेजारच्या गावांप्रमाणेच येथेही खाचरांच्या जागी पत्र्याची उंच छपरे उभी राहिली आणि मुंबईकडे जाणाऱ्या मालाचा मोठा भाग या छपरांखालून जाऊ लागला. या व्यापारात आपल्या समाजातील कुटुंबेही पुष्कळ आहेत. गोदामाचा करार संपला की मालक बदलतो, पेढी दुसऱ्या गाळ्यात जाते. रॅक, वजनकाटा, ताडपत्र्या, संगणक, खुर्च्या यांची यादी होते, टेम्पो भरतो. केबिनमधील काचेची टाकी यादीत ‘फर्निचर’ म्हणून येते. टाकीतील मासे मात्र कोणत्याच यादीत येत नाहीत.

ही टाकी केबिनमध्ये आली कशी, हेही पाहण्यासारखे आहे. पुष्कळदा ती शोभेपेक्षा लाभासाठी आणलेली असते. फेंगशुईच्या सल्ल्याने आठ सोनेरी व एक काळा गोल्डफिश ठेवला जातो, ऐपत असल्यास आरोवाना. मासा मेला तर त्याने मालकावरचे संकट स्वतःवर घेतले, असे समाधान सांगितले जाते आणि त्याच दिवशी नवा मासा येतो. आपल्या कर्माचे फळ आपल्यालाच भोगावे लागते, ते दुसरा जीव वाटून घेऊ शकत नाही, हे ज्याने पाठशाळेत ऐकले आहे त्याने तरी या समाधानाला मान डोलावू नये. मासा बहुधा संकटाने नव्हे, अस्वच्छ पाण्याने मेलेला असतो.

घरांतील कथा थोडी वेगळी असते. मुलाच्या हट्टापायी वाढदिवसाला दोन मासे येतात. मुलाची दहावी येते, बदली होते, घरात नवे बाळ येते, आणि टाकी गॅलरीत सरकते. कधी मासाच घराला मोठा होतो. दुकानात दोन इंचांचा दिसणारा ऑस्कर वाढून फूटभर होतो, काच साफ ठेवण्यासाठी आणलेला सकर त्याहूनही मोठा होऊ शकतो. गोल्डफिश वर्षभर जगला तर पुष्कळ, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः नीट सांभाळलेला गोल्डफिश दहा वर्षे सहज काढतो. इंग्लंडमध्ये १९५६ साली एका जत्रेत बक्षीस म्हणून मिळालेला ‘टिश’ नावाचा गोल्डफिश १९९९ पर्यंत जगला. मुदत ठेवही इतक्या मुदतीची कोणी ठेवत नाही.

मग नकोशा माशांचे काय करायचे? बहुतेकांना सुचणारे पहिले उत्तर दयेचेच असते : ‘नदीत सोडून देऊ, बिचारे मोकळे होतील.’ दापोड्याच्या आसपास कामवारी नदी आहे, उल्हासची खाडी आहे, भिवंडी शहरात वऱ्हाळा तलाव आहे. पिशवी उपडी करायला एक मिनिट लागते आणि मनाला अभयदानाचे समाधान मिळते.

या ठिकाणी आपल्याच घरातील एक जुनी रीत आठवावी. पाणी गाळून पिण्याचा नियम सर्वांना ठाऊक आहे. गाळण्यात उरलेल्या सूक्ष्म जीवांचे, म्हणजे जीवाणीचे, काय करायचे हे आता कमी घरांत सांगितले जाते. गाळणे उलटे धरून त्यावर गाळलेले पाणी ओतायचे आणि ती जीवाणी ज्या विहिरीचे पाणी होते त्याच विहिरीत, शक्यतो पाण्यापर्यंत पोहोचवून, हलकेच सोडायची. एका विहिरीचे जीव दुसऱ्या विहिरीत सोडायचे नाहीत, कारण पाणी बदलले की ते जगत नाहीत. डोळ्यांना न दिसणाऱ्या जीवांसाठी ज्यांनी एवढा विचार केला, त्यांचे वंशज चार इंचांचा गोड्या पाण्यातील मासा खाडीच्या मचूळ पाण्यात सोडून निश्चिंत होतात. गोल्डफिशची जात मुळात चीनमधील, ऑस्कर व सकर दक्षिण अमेरिकेतील. त्यांची ‘विहीर’ येथे नाहीच.

सोडलेला मासा मेला तर एक जीव गेला. तो जगला तर हानी अधिक पसरते. टाक्यांतून बाहेर पडलेले सकर आज देशातील अनेक जलाशयांत वाढले आहेत. त्यांच्या काटेरी अंगाने मच्छीमारांची जाळी फाटतात आणि स्थानिक माशांचे अन्न व जागा त्यांच्याकडे जाते. मे २०२३ मध्ये श्रीनगरच्या दल सरोवरात ॲलिगेटर गार हा मगरीसारख्या जबड्याचा अमेरिकी मासा सापडला. तो पोहत आलेला नव्हता. परक्या जातीचा उपद्रव वाढला की शेवटी सरकारला ती जात मारावी लागते. थाई मांगूर हा खाण्यासाठी पाळला जाणारा मासा. त्याच्या पालनावर देशात बंदी आहे, आणि त्याची तळी भिवंडी तालुक्यातही मत्स्यव्यवसाय विभागाने नष्ट केली आहेत. एका दिवसाच्या सुटकेमागे असा हिशेब चालू राहतो.

दुसरा मार्ग दुकानदाराला मासे परत देण्याचा. काही दुकानदार घेतात, पण तो मासा पुन्हा विकला जातो आणि बहुधा तशाच दुसऱ्या केबिनमध्ये पोहोचतो. पर्युषणात दुकानातून मासे विकत घेऊन सोडण्याची हौसही याच जातीची आहे. आपण त्याला जीव सोडवणे म्हणतो. दुकानदाराच्या वहीत ती केवळ विक्री असते, आणि रिकाम्या टाकीसाठी तो दुसऱ्या दिवशी नवी मागणी नोंदवतो.

तिसरा मार्ग आपल्याला नवा नाही. मुंबईत १८३४ साली सर जमशेटजी जीजीभॉय, अमीचंद शहा व अन्य दानशूरांनी पांजरपोळ उभारली. त्यामागे इंग्रजांच्या आदेशाने होणाऱ्या भटक्या कुत्र्यांच्या हत्येचा ताजा इतिहास होता. म्हातारी गाय, लंगडा घोडा, जखमी कबुतर यांना विकत न घेता, न विकता, मरेपर्यंत सांभाळायचे ही पांजरपोळीची कल्पना. तिच्यात माशासाठी जागा झाली नाही, कारण तेव्हा मासा काचेत राहत नव्हता. आता राहतो. दिगंबर परंपरेत अरनाथ भगवानांचे लांछन मासा आहे, श्वेतांबरांच्या अष्टमंगलात मीनयुगल आहे. तेव्हा हा जीव आपल्याला अपरिचित म्हणता येणार नाही. ज्याला घरात मासे हवेच आहेत, त्याने बाजारात न जाता कोणाच्या तरी नकोशा झालेल्या टाकीकडे जावे, एवढेच येथे सुचवायचे आहे.

यात एक अडचण आहे, ती लपवू नये. अहिंसाणुव्रताच्या अतिचारांत पहिला ‘बंध’ आहे. दत्तक घेतलेला मासाही काचेतच राहतो, त्याचा बंध सुटत नाही. फरक इतकाच की हा बंध आपण निर्माण केलेला नसतो आणि आपल्या पैशाने त्यात नव्या माशाची भर पडत नाही. विकत घेणारा पंधरा कर्मादानांतील जीवांच्या व्यापाराला हातभार लावतो, दत्तक घेणारा त्यातून बाहेर पडलेल्या एका जीवाची देखभाल करतो. याच अतिचारांत शेवटचा ‘अन्नपाननिरोध’ आहे, आणि सोडून दिलेल्या केबिनमधील मासा नेमका तोच भोगत असतो.

अन्नाचा प्रश्न याहून कठीण. बाजारातील बहुतेक दाण्यांत मासळीची भुकटी असते. गोल्डफिश, कोई यांसारखे मासे स्पिरुलिना, गहू-सोयाबीनयुक्त दाणे, उकडून साल काढलेला मटार, किंचित वाफवलेला पालक यांवर चांगले राहू शकतात. पाकिटावरचे घटक मात्र भिंगाने वाचावे लागतात. ऑस्कर व आरोवाना मांसाहारी आहेत. कित्येक जण त्यांना जिवंत गप्पी मासे घालतात. जैन घराने असा मासा भावनेच्या भरात आणू नये. आपल्या स्वयंपाकघरातून त्याचे पोट भरणार नाही, आणि त्याला शाकाहारी करण्याचा हट्ट हीदेखील हिंसाच. त्याच्यासाठी मोठी टाकी असलेला जाणकार पाळणारा शोधून द्यावा. एवढी खटपटही काही कमी सेवा नव्हे.

घेण्यापूर्वी हिशेब मांडावा. तीन फूट लांब, दीड फूट रुंद व दीड फूट उंच टाकीत सुमारे १९० लिटर पाणी मावते, म्हणजे काचेखेरीजच १९० किलो वजन. ते पेलणारे टेबल हवे. मासे आणण्याच्या आदल्या दिवशी त्यांना खायला घालू नये. एक दिवसाचा उपवास त्यांना बाधत नाही आणि प्रवासात पाणी स्वच्छ राहते. पिशवीत एक भाग पाणी व दोन भाग हवा ठेवावी, पिशवी अंधारात ठेवावी. घरी आल्यावर ती पंधरा-वीस मिनिटे टाकीत तरंगू द्यावी आणि मग थोडे-थोडे पाणी मिसळत मासे सोडावेत. घरात आधीचे मासे असतील तर नव्यांना दोन ते चार आठवडे वेगळे ठेवावे.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट बहुतेकजण कचऱ्यात टाकतात, ती म्हणजे जुन्या फिल्टरचा मळका स्पंज. माशांच्या कल्ल्यांतून सतत अमोनिया बाहेर पडतो, तो विषारी असतो. स्पंजमध्ये वसलेले सूक्ष्म जीवाणू त्याचे आधी नायट्राइट व मग बऱ्याच कमी घातक नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. नव्या टाकीत ही वस्ती जमायला काही आठवडे लागतात. चकचकीत टाकीतील मासे पहिल्याच महिन्यात मरतात ते यामुळे. स्पंज नळाखाली धुतला तर पाण्यातील क्लोरिन ही वस्ती संपवते. तो टाकीतूनच काढलेल्या पाण्यात पिळावा. न दिसणाऱ्या जीवांवर दिसणारे जीव जगतात, याचे याहून साधे उदाहरण पाठशाळेतील मुलांना दाखवता येणार नाही.

मृगसेन धीवराची कथा अनेकांनी ऐकली असेल. जाळ्यात येणारा पहिला मासा सोडण्याचा नियम त्याने मुनींकडून घेतला. खूण बांधून सोडलेला तोच मासा दिवसभरात पाच वेळा जाळ्यात आला आणि पाचही वेळा त्याने तो सोडला. कथेतील फळ सर्वांच्या लक्षात राहते. पण रिकाम्या हाताने घरी परतणाऱ्या त्या माणसाला पाचव्या वेळी काय वाटले असेल? दत्तक घेतलेल्या टाकीचे पाणी दर आठवड्याला पाव हिस्सा बदलताना, वीज गेल्यावर बॅटरीचा एअर पंप शोधताना, सुटीत शेजाऱ्याला चिमूटभर दाण्यांचे माप समजावताना तो प्रश्न मनात येऊ शकतो.

गाळा सोडणाऱ्याने करार संपण्याच्या महिनाभर आधी आपल्या संघाच्या व्हॉट्सॲप समूहावर माशांची जात, संख्या, लांबी, वय व टाकीचे माप लिहून टाकावे. शेवटच्या दिवशी, टेम्पो दारात उभा असताना, कोणी मिळत नाही. घेणाऱ्याने सोबत जुन्या टाकीतील चार बादल्या पाणीही मागून घ्यावे, आणि स्पंज त्याच पाण्यात बुडवून, ओलाच न्यावा.