जळणाचा हिशेब

हिवाळा आला की आमच्या ग्वाल्हेरीत घरोघर जळणाची आठवण होते. स्वयंपाक आता गॅसवर होत असला, तरी अंघोळीच्या पाण्याचा बंब आणि सायंकाळची शेकोटी यांसाठी कित्येक घरी अजून वखारीतून लाकूड आणतात. गतवर्षी आम्ही एक क्विंटल लाकूड स्वस्त मिळाले म्हणून घेतले. वजन चोख होते. परंतु घरभर धूर झाला, आजीचे डोळे चुरचुरू लागले आणि महिन्याचे जळण पंधरवड्यात संपले. तराजू खरा असताना आपण फसलो कसे?

पूर्वी जळण मणावर मिळे. चाळीस शेरांचा मण म्हणजे सुमारे ३७.३ किलो. १९५६ च्या कायद्याने दशमान वजनांचा मार्ग मोकळा झाला आणि मणाच्या जागी किलो व क्विंटल आले. माप बदलले, पण मूळ प्रश्न तोच राहिला : या वजनात लाकूड किती आणि पाणी किती?

नुकत्याच तोडलेल्या लाकडात निम्मे वजन पाण्याचे असू शकते. चांगल्या वाळलेल्या लाकडात ते पंचमांशाच्या आसपास असते. पूर्ण कोरडे एक किलो लाकूड सुमारे ४,५०० किलोकॅलरी उष्णता देते, आणि त्यातील एक किलो पाण्याची वाफ करण्यात सुमारे ६०० किलोकॅलरी व्यर्थ जातात. म्हणून १०० किलो ओल्या लाकडापासून १,९५,००० किलोकॅलरी मिळतात, तर तितक्याच वाळलेल्या लाकडापासून ३,४८,०००. म्हणजे जवळजवळ पावणेदोन पट! समजा, ओले लाकूड सहा रुपये किलो व वाळलेले नऊ रुपये किलो आहे. तरीही वाळलेलेच स्वस्त पडते.

लाकूड वजनावर घेताना जातीचे महत्त्व फारसे नसते. कोरडे असल्यास आंबा काय आणि बाभूळ काय, किलोमागे उष्णता बहुतेक सारखीच. गाडीच्या मापाने घेताना मात्र जड जात पाहावी, कारण तेवढ्याच जागेत बाभळीचे वजन अधिक भरते. अमेरिकेत घरे उबदार ठेवण्यासाठी लागणारे लाकूड थप्पीच्या मापाने विकतात. तेथील 'कॉर्ड' म्हणजे आठ फूट लांब, चार फूट रुंद व चार फूट उंच अशी १२८ घनफुटांची थप्पी. परंतु ढलप्यांमधील फटी वगळता त्यात खरे लाकूड पुष्कळ कमी भरते. वजनात पाण्याचे पैसे जातात, तर थप्पीत हवेचे!

मग ओळखावे कसे? वाळलेल्या लाकडाच्या टोकांना मध्यापासून कडेकडे चिरा पडलेल्या असतात, साल सहज सुटते, आणि दोन ढलप्या एकमेकींवर आपटल्यास खणखणीत आवाज येतो. ओल्या लाकडाचा आवाज बद्द येतो. सर्वांत उत्तम उपाय म्हणजे उन्हाळ्याच्या आरंभीच लाकूड घेऊन, फोडून, जमिनीपासून थोडे उंच रचावे. वर छप्पर असावे, पण बाजू मोकळ्या ठेवाव्यात.

यंदा आम्ही चैत्रातच जळण भरले. बाजारात तराजूकडे पाहावे हे खरेच. पण तराजूत काय पडले आहे, हेही पाहण्यास शिकले पाहिजे.